इंग्लंडमधली सिनेमातली गावं आणि वास्तू पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांकडे सुट्टीला जाणारे आईवडील, तिकडे शिकायला गेलेली मुलं आणि ‘लंडन आय आणि राणीचा राजवाडा झाला, आता काय?’ असं विचारणारी मंडळी. प्रश्न बहुतेक यांचेच आहेत. तिकिटांचे दर आणि वेळा सारख्या बदलतात, म्हणून त्या इथे दिलेल्या नाहीत. निघण्यापूर्वी त्या त्या ठिकाणाच्या वेबसाइटवर पाहाव्यात.

यादी फार मोठी आहे. निवड कशी करायची?

सिनेमा धरून नको, भाग धरून करा. एकाच सिनेमाच्या मागे लागलात तर अर्धी सुट्टी रेल्वेत जाईल. हॅरी पॉटरचीच ठिकाणं पाहा. स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या नॉर्थम्बरलंडपासून नैऋत्येच्या विल्टशरपर्यंत ती विखुरलेली आहेत. याउलट बाथमध्ये मुक्काम केला तर तीन-चार दिवसांत पाच-सहा सिनेमे आणि मालिका पायाखालून जातात.

मुक्कामासाठी तीन गावं सोयीची आहेत. नैऋत्येला बाथ, उत्तरेला यॉर्क किंवा डरहम, आणि मधल्या डोंगराळ भागासाठी डर्बीशरमधलं बेकवेल किंवा बक्स्टन. ऑक्सफर्ड लंडनहून सकाळी जाऊन रात्री परत येण्यासारखं आहे. दिवसाला एकच मोठं ठिकाण ठेवा. या वास्तू पुढून फोटो काढून निघायच्या नसतात. बागा, तबेले, स्वयंपाकघरं, चर्च पाहता पाहता दुपार कधी उलटते ते कळत नाही.

लेकॉकचं नाव प्रत्येक यादीत असतं. खरंच एवढं आहे का तिथे?

आहे. एकच गाव बघायचं असेल तर माझं मत लेकॉकला.

विल्टशरमधलं हे चार गल्ल्यांचं गाव. १९९५ च्या बीबीसीच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मालिकेत ते कथेतलं मेरिटन गाव झालं, २००७ च्या ‘क्रॅनफर्ड’मध्ये क्रॅनफर्ड झालं, ‘डाउनटन ॲबी’तही दिसलं. गावाच्या टोकाला लेकॉक ॲबी आहे. तेराव्या शतकात एला या सॉल्सबरीच्या काउंटेसने जोगिणींसाठी स्थापन केलेला हा मठ. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने देशभरातले मठ मोडीत काढले तेव्हा तो विकला गेला आणि त्याचं राहतं घर झालं. खालच्या दगडी ओवऱ्या मात्र तशाच राहिल्या आणि हॅरी पॉटरच्या पहिल्या चित्रपटात हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या कामी आल्या. मनातली इच्छा दाखवणारा आरसा जिथे ठेवला होता ते इथलं चॅप्टर हाउस, म्हणजे मठाची सभेची खोली. शेजारच्या ‘वॉर्मिंग रूम’मध्ये धातूची भलीमोठी कढई आहे. ती सिनेमावाल्यांनी आणलेली नव्हे, मूळचीच आहे.

सिनेमाच्या नादात इथली सर्वांत मोठी गोष्ट मात्र लोकांच्या नजरेतून निसटते. हे विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटचं घर. १८३५ मध्ये त्याने याच घराच्या एका जाळीदार खिडकीचं निगेटिव्ह तयार केलं. टपाल तिकिटाएवढं ते कागदी निगेटिव्ह जगातलं टिकून राहिलेलं सर्वांत जुनं मानलं जातं. ती खिडकी आजही जागेवर आहे. ज्या घरात फोटोग्राफीने पहिली पावलं टाकली तिथे कॅमेरे पुन्हा पुन्हा यावेत हा योगायोगच, पण छान योगायोग. दाराजवळच्या फॉक्स टॅल्बट संग्रहालयाला तासभर द्या.

बाथहून चिपनमपर्यंत रेल्वे आणि तिथून बस. रविवारी बस कमी असतात, त्यामुळे वेळापत्रक आधी पाहा.

ही गावं इतकी जुनीच्या जुनी राहिली कशी? मुद्दाम सिनेमासाठी ठेवली आहेत का?

सिनेमा फार नंतर आला. बहुतेक ठिकाणी कारण दोनपैकी एक असतं. पैसा निघून गेला, नाहीतर मालक एकच राहिला.

कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांतली आणि विल्टशरमधली गावं मध्ययुगात लोकरीच्या आणि कापडाच्या धंद्यावर गबर झाली. दगडी घरं आणि गावाच्या मानाने अवाढव्य चर्च तेव्हाची. पुढे कापडाचं काम यंत्रांकडे आणि उत्तरेच्या गिरण्यांकडे गेलं. गावात नवं बांधायला कुणाकडे पैसा उरला नाही, म्हणून जुनं पाडलंही गेलं नाही. लेकॉकची गोष्ट दुसऱ्या प्रकारची. जवळपास सगळं गाव टॅल्बट घराण्याच्या मालकीचं होतं. १९४४ मध्ये मटिल्डा टॅल्बट यांनी ॲबी आणि गाव नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं. ही ऐतिहासिक वास्तू आणि निसर्ग सांभाळणारी धर्मादाय संस्था आहे. घरं आजही भाड्याने दिली जातात आणि माणसं त्यांत राहतात. छपरांवर अँटेना नाहीत, रस्त्यावरून तारा गेलेल्या नाहीत. शूटिंग असलं की गाड्या हलवायच्या आणि डांबरावर माती पसरायची, बस्स. निर्मात्याला आणखी काय हवं?

कासल कूम आणि लेकॉक एकाच दिवसात होतील?

स्वतःची गाडी असेल तर आरामात. बसने ओढाताण होते.

कासल कूमला एक मुख्य रस्ता, एक ओढा, एक पूल. २०११ च्या ‘वॉर हॉर्स’मधलं गाव हेच. पण इथला ऐकण्यासारखा किस्सा १९६६ चा आहे. ‘डॉक्टर डूलिटल’च्या शूटिंगसाठी कंपनीने या गावाचं बंदर करायचं ठरवलं. समुद्र तिथून कोसो दूर! मग ओढ्यावर बांध घातला आणि धक्का उभारला. गावकरी वैतागले. सैन्यातला एक तरुण अधिकारी त्यांच्या बाजूने एवढा पेटला की तो बांध उडवून देण्याच्या कटात सामील झाला, पकडला गेला आणि विशेष दलातून त्याची हकालपट्टी झाली. त्याचं नाव रॅनल्फ फाइन्स. पुढे ध्रुवप्रदेशातल्या मोहिमांमुळे जगभर गाजला तोच.

बंदराचं तिथे आता काही नाही. अर्धा-पाऊण तास पुरतो.

हॅरी पॉटरचं हॉगवर्ट्स नेमकं कुठे आहे?

एका ठिकाणी नाहीच. ते अनेक वास्तूंचे तुकडे जोडून उभं केलेलं आहे.

झाडूवर उडायचा पहिला तास नॉर्थम्बरलंडमधल्या ॲनिक कासलच्या अंगणात झाला. लांबलचक कॉरिडॉर ग्लॉस्टर कॅथीड्रलचे. तिथल्या ओवऱ्यांचं छत चौदाव्या शतकातलं आहे, दगडातून पंखे उलगडल्यासारखं, आणि या शैलीच्या आद्य नमुन्यांत गणलं जातं. हॅरीने पांढरं घुबड हवेत सोडलं ते बर्फाच्छादित अंगण डरहम कॅथीड्रलचं. दवाखाना म्हणजे ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातलं डिव्हिनिटी स्कूल. नव्या मुलांना प्राध्यापिका मॅकगोनागल सामोऱ्या येतात तो जिना ऑक्सफर्डच्याच क्राइस्ट चर्च कॉलेजचा. भोजनगृहाचा सेट मात्र स्टुडिओत उभारला होता, क्राइस्ट चर्चच्या हॉलवरून कल्पना घेऊन. त्या हॉलमध्ये विद्यार्थी खरोखर जेवतात, त्यामुळे दुपारी तो पर्यटकांना बंद असतो. हे न पाहता बाराच्या सुमारास पोचणारे बरेच असतात.

हॉगवर्ट्सजवळचं हॉग्समीड स्टेशन म्हणजे नॉर्थ यॉर्कशर मूर्स रेल्वेवरचं गोथलंड. ही वाफेच्या इंजिनांची जुनी रेल्वे पिकरिंगहून निघते, माळरानांतून जाते आणि तिच्या काही गाड्या थेट व्हिटबीच्या समुद्रापर्यंत जातात. स्टेशन छोटं आहे, पण तो प्रवास स्टेशनपेक्षा कितीतरी सुंदर. शरद सरल्यावर गाड्या फार कमी होतात.

ग्लॉस्टर आणि डरहमला प्रवेशाचं सक्तीचं तिकीट नाही, दानपेटीत यथाशक्ती टाकायचं. ही चालती प्रार्थनास्थळं आहेत. अंत्यविधी, पदवीदान, संगीताची तालीम अशा कारणांनी काही भाग बंद असू शकतात.

ॲनिक फार लांब आहे. जावं का?

उत्तरेत जाणारच असाल तर जरूर. लंडनहून एवढ्यासाठीच जाऊन-येऊन करण्यात अर्थ नाही. एडिंबराला निघाला असाल तर वाटेत अल्नमथ स्टेशनला उतरा, पुढे बस आहे. नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकचं पर्सी घराणं या किल्ल्यात सात शतकं टिकून आहे. अंगणात झाडूवर ‘उडायला’ शिकवतात, लहान मुलांना त्यात भयंकर मजा येते आणि मोठे लाजत लाजत रांगेत उभे राहतात. ‘डाउनटन ॲबी’च्या नाताळ विशेष भागांतला ब्रँकास्टर कासलही हाच. हिवाळ्यात किल्ला बंद असतो.

गावातल्या जुन्या रेल्वे स्टेशनात बार्टर बुक्स नावाचं जुन्या पुस्तकांचं अवाढव्य दुकान आहे. ‘कीप काम अँड कॅरी ऑन’चं युद्धकाळातलं विस्मृतीत गेलेलं पोस्टर २००० मध्ये इथेच एका खोक्याच्या तळाशी सापडलं आणि मग जगभर मगांवर छापलं गेलं.

लंडनजवळचा वॉर्नर ब्रदर्सचा स्टुडिओ पाहावा की खऱ्या जागा?

मुलं पॉटरवेडी असतील तर स्टुडिओ. लीव्ह्जडनला २०१२ पासून तो पाहायला खुला आहे. सेट, कपडे, हॉगवर्ट्सचं भव्य मॉडेल, सगळं तिथे आहे. यूस्टनहून वॉटफर्ड जंक्शन आणि पुढे त्यांची बस. दारावर तिकीट मिळत नाही आणि सुट्टीच्या दिवसांतली तिकिटं महिना-दोन महिने आधीच संपतात, म्हणून विमानाच्या पाठोपाठ हेच बुक करा. घरातल्या कुणी सिनेमे पाहिलेच नसतील तर त्यांना चार तास तिथे कोंडू नका. ग्लॉस्टर त्यांनाही आवडेल.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात हॅरीची भिंतीत घुसलेली ट्रॉली फुकट पाहता येते, रांग लांब असते. सकाळी लवकर जा. दुसऱ्या चित्रपटात स्टेशनची बाहेरून दिसणारी लाल विटांची देखणी इमारत शेजारच्या सेंट पँक्रसची आहे.

‘डाउनटन ॲबी’चं घर बघता येतं का?

येतं, पण ते संग्रहालय नाही. हॅम्पशरमधल्या हायक्लेअर कासलमध्ये कार्नार्व्हनचे अर्ल राहतात, आणि घर वर्षातले ठरावीकच दिवस उघडतं. तिकिटं कित्येक महिने आधी काढावी लागतात. जवळचं स्टेशन न्यूबरी, तिथून टॅक्सी. लंडनचं संसद भवन उभारणारा चार्ल्स बॅरी याच घराचाही वास्तुविशारद, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिली तर ते कळतं.

मालिकेत नोकरांचं स्वयंपाकघर दिसतं ते इथलं नव्हे, तो लंडनच्या ईलिंग स्टुडिओतला सेट होता. खऱ्या तळघरात इजिप्तचं प्रदर्शन आहे, कारण १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरने तुतनखामेनची कबर शोधली त्या उत्खननाचा खर्च या घराच्या पाचव्या अर्लने केला होता. मालिकेतलं गाव आणखी वेगळीकडे आहे, ऑक्सफर्डशरमधल्या बॅम्पटनला. तिथलं चर्च पाहा. मालिकेतला दवाखाना म्हणजे तिथलं जुनं ग्रंथालय.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या नायकाचं, मिस्टर डार्सीचं घर पेंबर्ली, ते कोणतं खरं?

भांडण लावणारा प्रश्न! १९९५ ची मालिका मानणाऱ्यांचं पेंबर्ली म्हणजे चेशरमधलं लाइम, आणि २००५ चा चित्रपट मानणाऱ्यांचं डर्बीशरमधलं चॅट्सवर्थ. लाइमचं फक्त बाहेरचं रूप वापरलं, आतल्या खोल्या सडबरी हॉलच्या. ओल्या शर्टातला डार्सी समोर येतो तो परिसर पाहायला लोक अजून जातात. मँचेस्टरहून डिझली स्टेशनला उतरून पायी जाता येतं, चढ आहे.

चॅट्सवर्थचं श्रेय चित्रपटाला देणं म्हणजे ताजमहालाचं श्रेय पोस्टकार्डाला देण्यासारखं. चित्रसंग्रह, पायऱ्यांवरून उतरणारं पाणी, शिल्पदालन, दिवस अपुरा पडतो. चित्रपटासाठी घडवलेला डार्सीचा अर्धपुतळाही तिथे ठेवलेला आहे. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर चॅट्सवर्थ.

हिंदी सिनेमातली ठिकाणं कोणती आहेत?

सगळ्यांत मजेदार उत्तर वॉड्सडन मॅनर. ‘कभी खुशी कभी गम’मध्ये रायचंदांचा दिल्लीतला बंगला म्हणून जो दिसतो, शाहरुख हेलिकॉप्टरमधून उतरून धावत येतो, ती वास्तू बकिंगहॅमशरमध्ये आहे. बॅरन फर्डिनांड डी रॉथशील्डने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती फ्रेंच राजवाड्यांच्या धर्तीवर बांधवून घेतली. म्हणजे इंग्लंडच्या टेकडीवरचा फ्रेंच महाल, आणि आपण त्याला दिल्ली म्हणून पाहिलं. १९५७ पासून तो नॅशनल ट्रस्टकडे आहे. एलसबरीच्या बाजूने जायचं. आत जायचं असेल तर वेळेचं तिकीट आधी घ्या, नुसती बाग पाहायची असेल तर तेवढंही मिळतं.

त्याच चित्रपटातला ब्लेनिम पॅलेस ऑक्सफर्डजवळच्या वुडस्टॉकला आहे. १८७४ मध्ये विन्स्टन चर्चिलचा जन्म तिथला. जेम्स बाँडच्या ‘स्पेक्टर’मध्ये हाच राजवाडा रोममधला म्हणून दाखवला आहे, हेही जाताजाता.

‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’च्या सुरुवातीला अमरीश पुरी ट्रफॅल्गर चौकात कबुतरांना दाणे घालतात. तो प्रसंग तुम्ही करायला जाऊ नका. तिथे कबुतरांना खायला घालायला बंदी आहे आणि दंड होतो. चालत पाच मिनिटांवर लेस्टर स्क्वेअर. सिनेमाला तीस वर्षं झाली तेव्हा, २०२५ मध्ये, राज आणि सिमरनचा कांस्य पुतळा तिथे उभा राहिला. फोटो तिथे काढा.

आणि मराठी?

हेमंत ढोमे यांचा २०२१ चा ‘झिम्मा’ महाराष्ट्रातल्या बायकांच्या इंग्लंड सहलीवरच आहे. वेगवेगळ्या वयांच्या, वेगवेगळ्या घरांतल्या सात जणी, ग्रुप टूर आणि तो दमलेला टूर मॅनेजर. २०२३ च्या ‘झिम्मा २’ने त्यांना वायव्येच्या सरोवरांच्या प्रदेशात, लेक डिस्ट्रिक्टला नेलं. तो सिनेमा पाहून मैत्रिणींसोबत जायचं ठरवणाऱ्या बायकांना माझं एकच सांगणं, लेक डिस्ट्रिक्टला दोन रात्री तरी राहा आणि छत्रीऐवजी टोपी असलेलं रेनकोट-जॅकेट न्या. तिथल्या वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही.

लंडनमध्ये मराठी माणसाने आवर्जून जोडून घ्यावी अशी एक जोडी आहे. चॉक फार्म स्टेशनला उतरा. प्रिमरोज हिल भागातली चॅल्कट क्रेसेंट ही रंगीत घरांची वळणदार गल्ली ‘पॅडिंग्टन’ चित्रपटात अस्वलाच्या नव्या घराची गल्ली म्हणून आली आहे. तिथून थोडं चालत गेलं की किंग हेन्रीज रोडवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं घर आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये ते तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ही वास्तू घेतली आणि तिचं स्मारक-संग्रहालय केलं. रहिवासी वस्ती आहे, आवाज बेताचा ठेवा.

फारसं कुणाला माहीत नसलेलं एखादं ठिकाण सांगा.

लँकाशरमधलं कार्नफर्थ स्टेशन. डेव्हिड लीनचा ‘ब्रीफ एन्काउंटर’ १९४५ चा. फेब्रुवारीत शूटिंग झालं तेव्हा युद्ध संपलेलं नव्हतं. लंडनच्या आसपास रात्री स्टेशनवर एवढे दिवे लावणं अशक्य होतं. कार्नफर्थ इतकं उत्तरेला की हवाई हल्ल्याची सूचना आलीच तर दिवे विझवायला वेळ मिळाला असता. दिवसाच्या गाड्यांना अडथळा नको म्हणून रात्रभर काम चाले.

कथेतला बराचसा जीव स्टेशनवरच्या चहाच्या खोलीत आहे, पण ती खोली स्टुडिओत बांधली होती. आज कार्नफर्थला जी चहाची खोली आहे ती त्या सेटबरहुकूम सजवलेली. खऱ्या स्टेशनाने नकली खोलीची नक्कल केली! सिनेमातलं मोठं घड्याळ आहे, छोटं संग्रहालय आहे आणि तिथे सिनेमा सतत चालू असतो. लँकेस्टरहून गाडीने काही मिनिटांचं अंतर. शेजारच्या रुळांवरून लंडन-ग्लासगो एक्सप्रेस धडधडत निघून जातात, थांबत नाहीत.

सिनेमात पाहिलेलं ठिकाण प्रत्यक्षात ओळखूच आलं नाही, असं होतं का?

नेहमी. सॉमरसेटमधलं वेल्स घ्या (वेल्स देश नव्हे, वेल्स शहर). ‘हॉट फझ’चा दिग्दर्शक एडगर राइट याच गावात वाढला, म्हणून २००७ च्या त्या सिनेमाचं शूटिंग इथे झालं. पण कथेत लहानसं गाव हवं होतं आणि कॅथीड्रल प्रत्येक चौकटीत डोकावत होतं. मग संगणकावर अख्खं कॅथीड्रल पुसून टाकलं. त्या सिनेमाच्या खुणा शोधत गेलेला माणूस चौकात वळतो आणि समोर बाराव्या शतकात पाया घातलेलं, शेकडो मूर्तींनी भरलेलं ते धूड उभं!

लिंकन कॅथीड्रल उलट्या प्रकारचं. ‘द दा विंची कोड’ला वेस्टमिन्स्टर ॲबीने नकार दिला, तेव्हा लिंकनने ॲबीचं सोंग घेतलं आणि त्याबद्दल एक लाख पौंडांची देणगी मिळवली. ‘द यंग व्हिक्टोरिया’मध्ये ते पुन्हा वेस्टमिन्स्टर ॲबी झालं, आणि २०२३ च्या ‘नेपोलियन’मध्ये चक्क पॅरिसचं नोत्र दाम.

भूगोलाची सर्वांत मोठी चेष्टा १९९१ च्या ‘रॉबिन हूड: प्रिन्स ऑफ थीव्ह्ज’ने केली. नायक दक्षिण किनाऱ्यावरच्या सेव्हन सिस्टर्स कड्यांपाशी उतरतो, रात्रीपर्यंत नॉटिंगहॅमला पोचणार म्हणतो, आणि वाटेत लागते ती थेट उत्तर टोकाची हेड्रियनची भिंत. त्या सिनेमात दिसलेलं, भिंतीजवळच्या खोलगटातलं एकटं झाड, सिकॅमोर गॅप, पाहायला लोक दुरून यायचे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ते रात्रीतून कापून टाकलं गेलं. दोघांना २०२५ मध्ये तुरुंगवास झाला. बुंध्याला नवे कोंब फुटले आहेत. जागा अजूनही सुंदर आहे, पण जुने फोटो पाहून जाल तर खट्टू व्हाल.

बर्मिंगहॅमच्या टोळीवरची मालिका ‘पीकी ब्लाइंडर्स’ बर्मिंगहॅममध्येच दिसेल ना?

फारसं नाही. रस्त्यांचा बराच भाग लिव्हरपूल आणि यॉर्कशरमधला आहे. मालिकेतला कालव्याकाठचा चार्लीचा अड्डा मात्र बर्मिंगहॅमजवळ डडलीच्या ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियममध्ये आहे. तिथे जुनी दुकानं, भट्ट्या आणि खाण यांचं अख्खं गाव वसवलं आहे. मालिका न पाहिलेल्यांनाही आवडेल.

लोकांच्या घरांचे फोटो काढलेले चालतात का?

रस्त्यावरून काढायला कायद्याने आडकाठी नाही. पण पायरीवर बसणं, खिडकीतून आत डोकावणं, दार वाजवणं अजिबात नको. ‘नॉटिंग हिल’ सिनेमातलं निळं दार असो, हॅरी पॉटरच्या मावशीचं, डर्स्ली कुटुंबाचं ब्रॅकनेलजवळचं घर असो, आत माणसं राहतात. तुमच्या वाड्यात रोज पन्नास अनोळखी लोक ओट्यावर उभे राहून फोटो काढत असतील तर तुम्ही काय म्हणाल, तेवढा विचार पुरे.

‘सॉल्टबर्न’ सिनेमा समाजमाध्यमांवर गाजल्यावर नॉर्थम्प्टनशरमधल्या ड्रेटन हाउसभोवती हीच कटकट सुरू झाली. ते खासगी घर आहे, पर्यटकांसाठी उघडतच नाही. मात्र इंग्लंडमध्ये शेतांतून आणि इस्टेटींतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा असतात. त्यांवरून कुणालाही चालण्याचा हक्क आहे, पण वाट सोडण्याचा नाही. फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या, आत मेंढ्या असतात.

गाडी भाड्याने घ्यावी की रेल्वे?

शहरं आणि कॅथीड्रलं यांना रेल्वे, खेड्यांना गाडी. भारतीय परवान्यावर पर्यटकाला बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, आणि रहदारी आपल्यासारखीच डावीकडून. अडचण येते ती खेड्यांतल्या अरुंद रस्त्यांची. दोन्हीकडे उंच कुंपण, समोरून ट्रॅक्टर, आणि कुणीतरी मागे घ्यायलाच हवं. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर बुक करतानाच सांगा. लंडनमध्ये गाडी घेऊच नका, बाथ किंवा यॉर्कला पोचून घ्या.

रेल्वेचं तिकीट जितकं आधी तितकं स्वस्त, पण स्वस्त आगाऊ तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. ती चुकली की तिकीट गेलं. नवरा-बायको दोघे फिरणार असाल तर ‘टू टुगेदर’ रेलकार्डने भाडं एकतृतीयांश कमी होतं. आठवड्याच्या दिवसांत मात्र ते सकाळी साडेनऊनंतर चालतं. रविवारी रुळांची कामं निघतात, लांबचा प्रवास त्या दिवशी टाळा.

कोणत्या महिन्यात जावं?

आपल्या उन्हाळी सुट्टीचा मे महिना उत्तम. बागा फुललेल्या, दिवस मोठा, आणि तिथल्या शाळा अजून चालू. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनाही सुट्टी असते, तो सोडा. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर सगळीकडे झुंबड. जूनमध्ये लंडनला रात्री सव्वानऊनंतर सूर्य मावळतो, डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आतच. हिवाळ्यात अनेक घरं बंद असतात, पण नाताळच्या सजावटीसाठी चॅट्सवर्थसारखी काही उघडतात. बर्फाच्या भरवशावर जाऊ नका, सिनेमातलं बरंचसं बर्फ नकली असतं.

आईवडिलांना चालायला त्रास होतो. जमेल?

निवडून केलं तर जमेल. चॅट्सवर्थ, ब्लेनिम, वॉड्सडन इथे व्हीलचेअर मिळते, आधी फोन करून ठेवा. कासल कूमला वाहनतळ वर आणि गाव खाली, परतीचा चढ वयस्करांना जड जातो. लिंकनच्या कॅथीड्रलकडे जाणाऱ्या रस्त्याचं नावच ‘स्टीप हिल’ आहे. टॅक्सीने वर जा आणि उतरताना हळूहळू दुकानं बघत या.

शाकाहारी जेवणाचे हाल होतात का?

हाल नाहीत, वेळेचा घोळ होतो. खेड्यातल्या बहुतेक पबची स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळीच उघडतात. आपली तीनची जेवणाची सवय तिथे उपाशी ठेवते. एकच्या आत बसा. शाकाहारी पदार्थ मेनूवर खूण करून दिलेले असतात, अंडं चालत नसेल तर वेगळं विचारा. कांदा-लसूण नको असणाऱ्यांनी खाकरे आणि दशम्या सोबत ठेवाव्यात. नॅशनल ट्रस्टच्या चहाघरांतला स्कोन (चहासोबतचा छोटा गोडसर पाव) मात्र सोडू नका.

पुलावरून धूर सोडत जाणारी ती हॉगवर्ट्सची गाडी कुठे दिसेल? आणि व्हिसा?

तो पूल ग्लेनफिनन, स्कॉटलंडच्या पश्चिम डोंगराळ भागात. इंग्लंडच्या सहलीत तो बसत नाही, त्यासाठी फोर्ट विल्यमचा वेगळा मुक्काम लागतो. व्हिसा मात्र एकच पुरतो. युनायटेड किंगडमच्या स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स सगळीकडे जाता येतं. युरोपातल्या देशांचा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही आणि युनायटेड किंगडमचा व्हिसा त्या देशांत चालत नाही. बोटांचे ठसे द्यायची वेळ उन्हाळ्याआधी पटकन भरते, म्हणून मे महिन्यात जायचं असेल तर फेब्रुवारीतच कागदपत्रांना लागा.